पणजीत नव्याने राहायला आलात? झाडांची सावली कुठे, केव्हा आणि कशी गाठायची

गोव्याला बदली झाली म्हटल्यावर सांगलीत प्रत्येकाने एकच सांगितले, "मजा आहे तुमची, दारातच समुद्र!" नऊ वर्षांपूर्वी पणजीच्या सांतिनेज भागात तिसऱ्या मजल्यावर सामान उतरवले तेव्हा खिडकीतून दिसली ती समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी आणि खाली रस्त्याच्या दोन्ही कडांना लागलेल्या गाड्या. मुलगी तीन वर्षांची होती आणि सासूबाईंचे गुडघे धरलेले. नवरा सकाळी आठला वेर्ण्याला कामाला जायचा तो रात्री आठला परत यायचा. समुद्र होता, पण भर उन्हात वाळू तुडवत सासूबाईंना तिथवर नेणार कसे? आम्हाला हवे होते एक झाड, त्याखाली पाठ टेकायला बाक आणि पोरीला पळायला थोडी मोकळी जागा.

तसे पणजी लहानच. २०११ च्या जनगणनेत महापालिका हद्दीत ४० हजारांच्या आसपास माणसे मोजली गेली. पण एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला आल्तिनोची टेकडी, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत कचेऱ्या, बाजार, कॅसिनोंचे धक्के आणि बाहेरून रोज येणारी माणसे. गर्दी जाणवते ती यामुळे. या गर्दीत हिरव्या जागा आहेत आणि त्या चांगल्या आहेत. फक्त त्या केव्हा आणि कशा गाठायच्या हे कोणी सांगत नाही. मला ते कळायला दोन वर्षे गेली. तुमची जाऊ नयेत म्हणून हे सगळे क्रमाने लिहिते आहे.

१. आधी वेळ ठरवा, जागा मागाहून

नवीन माणूस आधी बागेचे नाव शोधतो आणि मग सवड होईल तेव्हा तिथे जातो. इथे हा क्रम उलटा करा. पणजीतल्या प्रत्येक हिरव्या जागेची आपली अशी एक वेळ आहे. ती चुकली तर चांगली बागही तापदायक होते.

मार्च ते मे या महिन्यांत सकाळी साडेदहानंतर दुपारी चारपर्यंत उघड्या बागेत जाऊच नका. तापमानाचा आकडा सांगलीपेक्षा कमी दिसतो म्हणून फसायला होते. पण हवेतली आर्द्रता इतकी असते की घाम वाळतच नाही आणि म्हातारी माणसे लवकर गळून जातात. जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, त्यामुळे साडेसहाला निघालात तर अंधारात चालावे लागेल. नोव्हेंबरअखेरीस तो सहालाच मावळतो, म्हणजे शाळा सुटून, खाऊन, साडेपाचला निघालेल्या मुलांना जेमतेम अर्धा तास मिळतो. त्या दिवसांत मी डबाच बागेत उघडायला लावायची.

तिन्हीसांजेनंतर डास. नदीकाठच्या आणि खाडीकाठच्या जागांत तर फारच. दिवे लागले की उठायचे, हा नियम आमच्याकडे आजही आहे.

आणखी एक. काही बागा सकाळी आणि संध्याकाळी उघडतात, दुपारी बंद राहतात. फाटकावर वेळांची पाटी असते. पहिल्या भेटीत तिचा फोटो काढून ठेवा. इंटरनेटवर दिसणाऱ्या वेळांवर विसंबू नका. वेळा बदलतात, आणि पाटी आधी बदलते.

२. पिशवीत काय असावे

बागेत जायला कागदपत्रे लागत नाहीत. पण या वस्तू दाराजवळच्या पिशवीत कायम भरून ठेवा:

- पाण्याची बाटली, प्रत्येकी एक. काचेची नको.
- टोपी किंवा छत्री. जून ते सप्टेंबर छत्रीच, आणि ती मजबूत दांड्याची.
- डासांसाठी लावायचे मलम.
- जुनी चादर किंवा प्लास्टिकचे बसकर. सकाळी बाक दवाने ओले असतात, पावसाळ्यात शेवाळलेले.
- सुटे पैसे. पार्किंग, फेरीबोट, अभयारण्याचे तिकीट, शहाळे, सगळीकडे नेटवर्क असेलच असे नाही.
- कचऱ्यासाठी रिकामी पिशवी.
- अभयारण्यात जाणार असाल तर ओळखपत्र आणि घरात असेल तर दुर्बीण.

दारूच्या बाटल्या आणि उघड्यावर स्वयंपाक यांना पर्यटनस्थळांवर कायद्याने बंदी आहे आणि दंड होतो. घरी आलेल्या पाहुण्यांना हे आधीच सांगा. गोवा म्हणजे सगळे चालते या समजुतीने येणारे नातेवाईक प्रत्येक घरात एकदोन असतातच.

३. पोचायचे कसे

गाडी काढू नका, हा माझा पहिला सल्ला. पणजीतल्या रस्त्यांवर जागोजागी पैसे घेऊन पार्किंग आहे आणि शुक्रवार संध्याकाळपासून रविवारी रात्रीपर्यंत दयानंद बांदोडकर मार्गावर कॅसिनोंच्या धक्क्यांजवळ गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात. बागेत पाऊण तास बसायचे आणि जागा शोधण्यात अर्धा तास घालवायचा, याला अर्थ नाही.

शहरात बस फिरतात. बाहेरून येणार असाल तर कदंबा स्थानकावर उतरा, तिथून पाटोची बाग आणि मळा ही जुनी वस्ती चालत जाण्याच्या अंतरावर आहे. एकटे असाल तर पायलट घ्या. पायलट म्हणजे इथली मोटरसायकल टॅक्सी, पिवळ्या मडगार्डची. बसण्याआधी भाडे ठरवा. आल्तिनोचा चढ चढायचा नसेल तेव्हा पायलटसारखी सोय नाही.

गाडी आणावीच लागली तर माडाखाली लावू नका. नारळाने फुटलेली काच मी डोळ्यांनी पाहिली आहे. हाच नियम माणसांनाही: बागेत चादर अंथरण्याआधी एकदा वर पाहा. माड असेल तर सरका. आंब्याचे झाड असेल तर पाने चिकटवून केलेला गोळा दिसतो का ते बघा. ती लाल मुंग्यांची घरे, कोकणात ज्यांना ओंबील म्हणतात. त्या फांदीखाली लहान मूल बसवायचे नाही.

४. सुरुवात शहराच्या मध्यापासून: नगरपालिका बाग आणि आझाद मैदान

चर्च चौकातली बाग सगळ्यांना नगरपालिका बाग म्हणून ठाऊक आहे. तिचे नाव गार्सिया द ओर्ता बाग. हा सोळाव्या शतकातला पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहिला आणि इथल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. बागेला वैद्याचे नाव, हे मला फार आवडते. बाग १८५५ मधली. मधल्या खांबावर एके काळी वास्को द गामाचा पुतळा होता. गोवा पोर्तुगीजांपासून मुक्त झाल्यावर तो गेला, आज तिथे अशोकस्तंभाचे सिंह आहेत.

ही बाग सकाळची. दहापर्यंत आत पेपर वाचणारे निवृत्त लोक असतात, सावली पुरेशी असते आणि बाजाराची पिशवी खाली ठेवून पंधरा मिनिटे बसायला यासारखी जागा नाही. लहान मुलांना धावायला मात्र ती अपुरी आहे, शिवाय चारी बाजूंनी रस्ता. चालायला नुकत्याच शिकलेल्या पोराचा हात सोडू नका. ८ डिसेंबरला समोरच्या चर्चचे फेस्त, म्हणजे वार्षिक उत्सव, असते. त्या दिवसांत चौकात पाऊल ठेवायला जागा नसते. फेस्त बघायलाच जायचे असेल तर जरूर जा, पण बागेत शांत बसायला मिळेल असे समजू नका.

आझाद मैदान तिथून पाच मिनिटांवर. मैदानातल्या खांबांच्या मंडपात पूर्वी गोवा जिंकणाऱ्या पोर्तुगीज अल्बुकर्कचा पुतळा होता, आता त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा यांचे स्मारक आहे. गोव्याच्या राष्ट्रीय चळवळीचे जनक म्हणून ओळखले जाणारे हे गृहस्थ. हुतात्मा स्मारकही इथेच. मुलांना क्रांतिदिन आणि मुक्तिदिन म्हणजे काय हे पुस्तकाबाहेर दाखवायला ही जागा उत्तम. पण हे आंदोलनांचेही मैदान आहे. ध्वनिक्षेपक ऐकू आला की दुसरीकडे वळा.

५. कांपाल: मुले आणि म्हातारी माणसे, दोघांसाठी

एकच जागा सांग असे कोणी म्हटले तर मी कांपाल सांगेन. मांडवीच्या काठाने जाणारा हा पट्टा, जुन्या मोठ्या झाडांचा. इथे फ्रान्सिस्को लुईस गोमिश यांचा पुतळा असलेली बाग आहे. ते १८२९ मध्ये जन्मलेले गोमंतकीय डॉक्टर आणि लेखक, पोर्तुगालच्या संसदेत निवडून गेलेले. जवळच मुलांसाठी भगवान महावीर बालविहार आहे, आणि थोडे पुढे कला अकादमी.

वेळ दुपारी साडेचारनंतरची. नदीवरून वारा सुटतो आणि झाडांची सावली लांब होत जाते. आमची एक ठरलेली जागा होती, वडाखालची. त्याची एक पारंबी जमिनीपासून हातभर वर आलेली आणि तिचे टोक शेकडो मुलांच्या हातांनी घासून गुळगुळीत, तपकिरी झालेले. माझी मुलगी आल्याबरोबर आधी तिला हात लावायची आणि मग चपला काढायची. सासूबाई बाकावर बसून जपमाळ ओढायच्या. महिनाभरात शेजारच्या बाकावरच्या दोन बायकांशी त्यांची ओळख झाली. एक चोडण बेटावरच्या, एक मूळच्या वेंगुर्ल्याच्या. सांगली सुटल्यापासून त्या पहिल्यांदाच कोणाशी तरी मनापासून बोलल्या, तेही त्या बाकावर. म्हणून सांगते, घरात ज्येष्ठ माणूस असेल तर रोज नवी बाग दाखवू नका. एकच बाग, एकच बाक, एकच वेळ ठेवा. ओळखी अशाच होतात.

मोठी चूक इथेच होते, आणि ती आमची झाली. एका शनिवारी सासूबाईंना रिक्षाने आणले. उतरून रिक्षा सोडून दिली आणि बघते तर फाटक बंद, आत एका कार्यक्रमाचा मांडव चढत होता. राखणदार म्हणाला, "सोमवारी या." भर उन्हात परतीची रिक्षा मिळेना. सासूबाई फाटकाच्या कठड्याला टेकून वीस मिनिटे उभ्या होत्या, आणि पुढचे चार दिवस त्यांचा गुडघा सुजला होता. तेव्हापासून मी तीन गोष्टी पाळते:

- नोव्हेंबर आणि डिसेंबर या महिन्यांत कांपालला जाण्याआधी पेपर बघते. २००४ पासून आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव इथेच भरतो, पाठोपाठ कलामहोत्सव येतात, आणि बागांचा काही भाग मांडवांखाली जातो.
- कार्निव्हल आणि शिगमो (इथला शिमगा) यांच्या मिरवणुकीच्या दिवशी रस्ते बंद असतात. त्या दिवशी बाग नाही, मिरवणूक.
- ज्येष्ठ माणूस बरोबर असेल तर फाटक उघडे दिसेपर्यंत रिक्षा सोडत नाही.

कांपालहून पुढे मिरामार. जुनी माणसे याला गास्पार दियश म्हणतात. सुरूच्या झाडांखाली सावली आहे आणि जवळच गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांची समाधी आहे. समाधीपाशी शांतता ठेवा. पाण्यात मात्र उतरू नका. मांडवी समुद्राला मिळते ती जागा ही, ओढ फसवी असते, आणि पावसाळ्यात तर जीवरक्षकांचे लाल झेंडे लागलेलेच असतात.

६. आल्तिनो: चढ चढून मिळणारी हवा

आल्तिनो म्हणजे पणजीच्या डोक्यावरची टेकडी. वर सरकारी निवासस्थाने, आर्चबिशपांचा वाडा, मोठमोठी झाडे आणि जॉगर्स पार्क. सकाळी साडेसहा ते आठ ही वेळ. वाहने कमी, पक्षी भरपूर, आणि खाली शहर जागे होताना दिसते.

वर जायला गाडीरस्ता आहे, पण पायी जायचे असेल तर मळ्यातून मारुती मंदिराच्या बाजूने चढा. देवळाशी पाच मिनिटे दम घ्या, तिथून मळ्याची लाल कौले सुंदर दिसतात. गुडघेदुखी, दमा किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी पायऱ्यांच्या नादी न लागता पायलटने वर जावे आणि सपाटीवर चालावे. चढण्यापेक्षा उतरताना गुडघे जास्त दुखतात, हे सासूबाईंच्या डॉक्टरांनी सांगितलेले आणि खरे ठरलेले.

रस्त्यावर भटकी कुत्री असतात. हातात खाणे घेऊन चालू नका आणि घाबरून पळू नका.

७. मळा, पाटो आणि खारफुटीची पहिली ओळख

मळा आणि फोंताइनश या जुन्या वस्तीच्या कडेने एक खाडी वाहते. तिच्या पलीकडे पाटो, जिथे आंबेडकर उद्यान आहे. पाटोला कामाला असणाऱ्यांनी जेवणाच्या सुट्टीत या बागेचा जरूर उपयोग करावा. खाडीकाठी खारफुटीतून काढलेली उंच पायवाटही आहे. फाटक उघडे आहे का ते आधी पाहा, आणि मूल बरोबर असेल तर कठड्यावर चढू देऊ नका, खाली गाळ आहे.

मळ्यातल्या घरांचे फोटो काढायला लोक गर्दी करतात. ती घरे आहेत, माणसे आत राहतात. दारात, पायरीवर, खिडकीशी उभे राहून फोटो काढायचा नाही. इथल्या जुन्या झऱ्याकडे जाताना विचारून जा, लोक आनंदाने वाट दाखवतात.

इथून रायबंदरला जाणारा बांध लागतो, पोन्ते द लिन्यारिश. १६३३-३४ मध्ये बांधलेला, सुमारे ३.२ किलोमीटरचा. कडेला मिठागरे आणि पाणथळ, थंडीत पक्षी भरपूर. बसच्या खिडकीतून बघा. पायी चालायचा मोह होतो, पण वाहने वेगात असतात आणि मुलांना घेऊन चालण्याजोगी ती जागा नाही.

८. चोडण: अर्ध्या दिवसाचे अरण्य

हा टप्पा मी मुद्दाम सविस्तर लिहिते आहे, कारण पणजीत वर्षानुवर्षे राहणाऱ्या कितीतरी घरांतली माणसे इथे एकदाही गेलेली नाहीत.

डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य चोडण बेटाच्या पश्चिम टोकाला आहे, मांडवीत. १९८८ मध्ये घोषित झाले. क्षेत्र १७८ हेक्टर, म्हणजे दोन चौरस किलोमीटरही नाही. गोव्यातल्या सहा अभयारण्यांत सर्वांत लहान. सगळे खारफुटीचे.

जायचे असे. पणजीहून जुने गोवेकडे जाणाऱ्या बसने रायबंदरच्या फेरी धक्क्यावर उतरा. गाडी असेल तर शक्यतो अलीकडेच लावा आणि पायी फेरीबोटीत चढा. अभयारण्याचे प्रवेशद्वार चोडणच्या धक्क्यापासून अगदी जवळ आहे, त्यासाठी गाडी नदीपार नेण्याची गरजच नाही. रविवारी गाड्यांच्या रांगेत तासभर अडकलेली माणसे बघितली की वाईट वाटते. पायी माणूस सरळ पुढे जातो. फेरीबोटीत मुलांना कठड्यापासून लांब ठेवा आणि फळी पूर्ण टेकेपर्यंत उतरू नका. तिकीट प्रवेशद्वारावर घ्या. कॅमेऱ्याचे शुल्क वेगळे असू शकते, तेही तिथेच विचारा.

आता मुख्य गोष्ट, भरती-ओहोटी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पक्ष्यांचा हंगाम खरा, पण चुकीच्या वेळी गेलात तर त्या दिवसांतही फक्त हिरवी भिंत दिसेल. भरतीला पाणी झाडांच्या बुंध्यांपर्यंत चढलेले असते आणि गाळ झाकलेला. ओहोटीला गाळ उघडा पडतो, आणि सगळा संसार त्या गाळावर. बगळे, ढोकरी, तुतवार चरायला उतरतात, खंड्या फांदीवरून टेहळणी करतो.

वेळ काढायला मोबाइल आहेच, पण आमच्या कांपालच्या बाकावरच्या चोडणकर मावशींनी शिकवलेला हिशेब मला जास्त आवडतो. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तिथी बघा. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, साधारण तितक्या वाजता भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वा अकरा. कृष्ण पक्षात आकडा पुन्हा एकपासून धरायचा. हिशेब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण सहल ठरवायला पुरतो.

सकाळी ओहोटी हवी असेल तर यावरून उत्तर निघते: द्वितीया किंवा तृतीया. पौर्णिमा-अमावास्येनंतरचा दुसरा-तिसरा दिवस. भरती रात्री दीड ते सव्वादोनला, म्हणून ओहोटी सकाळी पावणेआठ ते साडेआठच्या दरम्यान. शिवाय उधाण नुकतेच होऊन गेलेले, त्यामुळे पाणी लांबवर ओसरते. अष्टमीच्या आसपास भांगाचे दिवस, तेव्हा पाणी फारसे हलत नाही. होडीतून खाडीत शिरायचे असेल तर मात्र भरतीच लागते, ओहोटीला होडी रुतते. नावाड्याशी आदल्या दिवशी बोलून वेळ आणि पैसे दोन्ही ठरवा.

आत पायवाट आहे, दोन्ही बाजूंना तिवरे, म्हणजे खारफुटीची झाडे. चिखलातून पेन्सिली रोवल्यासारखी टोके वर आलेली दिसतील, ती या झाडांची श्वास घेणारी मुळे. पायवाट सोडून त्यांवर पाय देऊ नका. तिवराचे पान उलटून बघा, मागे मिठाचे बारीक कण चमकतात. झाड खारे पाणी ओढते आणि मीठ पानांवाटे बाहेर टाकते.

माझी मुलगी पाच वर्षांची असताना आम्ही पहिल्यांदा गेलो. पक्षी दाखवायचे म्हणून मी दुर्बीण देत होते आणि ती मात्र वाटेवर पालथी पडून खाली बघत होती. खाली एक निवटा. बोटाएवढा मासा, पाण्याबाहेर, ओल्या गाळावर. पुढच्या दोन परांच्या आधाराने सरकत होता, थांबत होता, डोक्यावर आलेले गोल डोळे आत ओढून पुन्हा बाहेर काढत होता. शेजारी एक खेकडा, एक नांगी इवलीशी आणि दुसरी स्वतःएवढी मोठी, ती मोठी नांगी हलवत उभा. आम्ही त्या एका हातभर जागेशी चाळीस मिनिटे होतो. मुलांना घेऊन जाणाऱ्यांना म्हणून सांगते, पक्षी बघायच्या मनोऱ्यापर्यंत पोचण्याची घाई करू नका.

कपडे मातकट रंगाचे घाला. मोबाइलचा आवाज बंद. खाणे बाहेरच खाऊन घ्या. आणि पाण्याच्या कडेला जाऊ नका. मांडवीच्या खाडीत मगरी आहेत.

९. दूरच्या जंगलाचा मोह आवरता घ्या

नवीन माणसाला बोंडला, मोले, नेत्रावळी यांची घाई असते. जा, पण वर्षभराने. बोंडला गुरुवारी बंद असते, हे न कळून परत आलेली कुटुंबे बरीच. सत्तरीकडच्या जंगलात जानेवारी ते मे या काळात माकडतापाचा धोका असतो. तो गोचिडींमुळे पसरतो. तिकडे जायचेच असेल तर आरोग्य केंद्रात विचारून जा, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला आणि पाचोळ्यात बसू नका. रोजच्या श्वासासाठी दोन तास प्रवास करावा लागत नाही, हे कळले की पणजी आपलीशी वाटू लागते.

वास्कोकडे राहणाऱ्यांना चिखलीचा जॉगर्स पार्क जवळ आहे, झुवारी दिसते. मडगावकरांनी नगरपालिकेसमोरची बाग सकाळी आणि मोंतीची टेकडी संध्याकाळी, असा बेत ठेवावा.

१०. पावसाळ्यात

जून ते सप्टेंबर बागा बंद समजू नका. पाऊस सलग पडत नाही, मध्ये उघडीप देतो. ती उघडीप पकडायची. जांभ्या दगडाच्या पायऱ्यांवर शेवाळ धरते, म्हणून आल्तिनोच्या पायऱ्या या महिन्यांत टाळाव्यात. वारा सुटला की मोठ्या झाडाखालून लगेच बाहेर पडा, फांद्या पडतात. जोराची सर आणि भरती एकाच वेळी आली तर १८ जून मार्गावर पाणी भरते, तेव्हा निघण्याआधी तिथी इथेही बघा. बागेतून आल्यावर मुलांचे पाय गुडघ्यापर्यंत साबणाने धुवा आणि चपला उलट्या करून झटका.

११. वाढदिवस, योगवर्ग, सहल: परवानगी

चारपाच माणसे चादर टाकून बसली तर कोणी काही म्हणत नाही. पण फुगे, ध्वनिक्षेपक, खुर्च्या किंवा ३० मुलांची सहल असेल तर आधी लेखी परवानगी घ्या. बाग कोणाच्या ताब्यात आहे ते फाटकावरच्या पाटीवर असते: महापालिका, वन खाते किंवा आणखी कोणी. अर्ज त्याच कचेरीत द्यायचा. अर्जात तारीख, वेळ, माणसांची संख्या, कार्यक्रमाचे स्वरूप आणि सफाईची जबाबदारी घेणाऱ्याचे नाव लिहा. ओळखपत्राची झेरॉक्स जोडा. निदान पंधरा दिवस आधी द्या. तोंडी "करा हो" वर जाऊ नका, त्या दिवशी राखणदार दुसराच असतो.

१२. काही मोडलेले दिसले तर

एका बागेतल्या झोपाळ्याच्या साखळीचा वरचा बोल्ट झिजून अर्धा झाला होता. मी दोनदा तोंडी सांगितले. राखणदार चांगला माणूस, त्यानेही वर सांगितले, पण काहीच झाले नाही. मग वेंगुर्ल्याच्या मावशींनी रीत सांगितली. बोल्टचा जवळून एक फोटो आणि पूर्ण झोपाळ्याचा एक फोटो काढायचा. साध्या मराठीत पाच ओळींचा अर्ज करायचा: बाग कोणती, फाटकापासून कितवा झोपाळा, काय मोडले आहे, कधीपासून, आणि मुलांना काय इजा होऊ शकते. दोन प्रती घेऊन जायच्या. एक कचेरीत द्यायची आणि दुसरीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्यायचा. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. तोपर्यंत झोपाळा तसाच ठेवू नका. राखणदाराला सांगून साखळी वर गुंडाळून बांधून घ्या, म्हणजे दुसऱ्या कोणाचे मूल त्यावर बसणार नाही.

पंधरा दिवसांत उत्तर आले नाही. मी आधीच्या आवक क्रमांकाचा उल्लेख करून दुसरा अर्ज दिला, खाली रोज येणाऱ्या अकरा पालकांच्या सह्या घेतल्या. आठ दिवसांनी गेलो तर साखळी खाली सोडलेली होती आणि वर नवा, ग्रीस लावलेला बोल्ट.